तुझं बाळंतपण कोण करणार?

प्रश्न : मावशी, मी 31 वर्षांची, दांडिया बाजारात एकत्र कुटुंबात राहते. मला सहा वर्षांची मुलगी आहे, ती सिझेरियनने झाली. माझ्या मोठ्या नणंदबाईंचं पहिल्या बाळंतपणात रक्त थांबेना म्हणून गर्भाशय काढावं लागलं, बाळही गेलं. त्या आता 38 च्या आहेत, केंद्र सरकारच्या ऑफिसात नोकरीला. त्यांचं नि त्यांच्या यजमानांचं बाळ मी पोटात वाढवावं, असं घरात चाललंय. वन्सं मला मनापासून आवडतात, नाही म्हणवत नाही. पण सासूबाई 'तुला चार तोळ्यांच्या पाटल्या करीन' म्हणाल्यापासून काहीतरी खुपतंय. नेमकं काय होतं ते कुणी सांगत नाही. बाळावर माझं काही येईल का? नंतर त्रास होईल का?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : 'मावशी' म्हणालीस म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस.

आधी पाटल्या. सासूबाईंना सांग, हा विषय पुन्हा काढायचा नाही, थट्टेतसुद्धा. दुसऱ्यांचं बाळ आपल्या पोटात वाढवून देणं म्हणजे सरोगसी. तिचा कायदा 2021 चा आहे, 25 जानेवारी 2022 पासून लागू. त्यात दवाखान्याचा खर्च, औषधपाणी, विमा एवढंच चालतं. बक्षीस, मग ते रोख असो की वस्तू, दिलं की तो धंदा ठरतो आणि त्याला तुरुंग आहे.

तुला खुपतंय ते कायद्यामुळे नाही, हे मला कळतं. पाटल्या घेतल्या की 'नाही' म्हणायची सोय उरत नाही. ती सोय तुझ्याकडे आहे, अगदी शेवटपर्यंत. भ्रूण, म्हणजे त्या दोघांच्या बीजांपासून शरीराबाहेर तयार केलेला गर्भ, तुझ्या गर्भाशयात ठेवण्याच्या आदल्या मिनिटापर्यंत तू संमती मागे घेऊ शकतेस. नंतरही गर्भपात कर म्हणून कुणी तुझ्यावर जबरदस्ती करू शकत नाही. तसं करायची वेळ आलीच तर तुझी लेखी संमती आणि सरकारी परवानगी, दोन्ही लागतात.

कागद बरेच आहेत. तुझं लग्न झालेलं, स्वतःचं मूल आहे, वय 25 ते 35 मध्ये आहे, म्हणजे तू बसतेस. आयुष्यात एकदाच सरोगेट होता येतं, आणि तीनपेक्षा जास्त वेळा प्रयत्न करता येत नाही. वन्संचं गर्भाशय नसल्याचं जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र, तुझ्या शरीराची आणि मनाची तपासणी, तुझ्यासाठी 36 महिन्यांचा आरोग्य विमा. आणि मॅजिस्ट्रेटचा आदेश, की बाळाचे आईबाप ते दोघं. हा आदेश आधीच घ्यायचा असतो, पाळणा हलल्यावर नाही. विम्याचा कागद स्वतः वाच. घरातले पुरुष 'झालंय सगळं' म्हणतील, तरी वाच.

आता शरीराचं. मी तीस वर्षं परिचारिका होते, त्यातली काही वर्षं रोज बडोद्याहून गाडीने आणंदला जायची, तिथे पैसे घेऊन सरोगसी चालायची तेव्हा. त्यामुळे हे पुस्तकातलं सांगत नाहीये. आधी एचआयव्ही, कावीळ, थायरॉइड, साखर, सोनोग्राफी. मग गोळ्या, गर्भाशयाचं अस्तर वाढवायला. सोनोग्राफीत सात-आठ मिलिमीटर दिसलं की डॉक्टर होकाराची मान डोलावतात. त्या महिन्यात तुझं आणि नवऱ्याचं अंथरूण वेगळं, हे कुणी उघड सांगत नाही म्हणून मी सांगते. भ्रूण ठेवताना भूल लागत नाही. लघवी रोखून झोपायचं, बारीक नळी आत जाते, दहा मिनिटांत काम. दुखतात ती गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं, तेलातली, जाड सुईची. बसायच्या जागी गाठी येतात, गरम पाण्याच्या पिशवीने शेकायच्या. गर्भ राहिला तर साधारण तिसरा महिना सरेपर्यंत हे औषध चालतं, मग वार, बाळाला नाळेतून पोसणारी, ते काम स्वतःकडे घेते. कुणाला इंजेक्शनऐवजी योनीत ठेवायच्या गोळ्या देतात, तेही विचार.

भ्रूण एकच ठेवायचं. नियमच तसा आहे, खास कारण असेल तरच तीनपर्यंत. 'जुळं झालं तर एकदम काम होईल' असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. एकदा शिवलेल्या पोटाला जुळं जड जातं. वार जुन्या टाक्यांवर चिकटण्याची भीती असते, रक्तदाब वाढण्याचीही असते. तुझ्या सिझेरियनची फाईल पहिल्याच भेटीला घेऊन जा. डॉक्टर नको म्हणाले तर तिथेच संपलं, आणि त्यात तुझा काही दोष नाही.

बाळावर तुझं काही येणार नाही. बीज वन्संचं आणि त्यांच्या यजमानांचं. तू त्याला रक्त देशील, घर देशील, नाकडोळे नाही. लेकीला एवढंच सांग : हे आत्याचं बाळ आहे, आत्याच्या पोटात जागा नाही म्हणून आईच्या पोटात राहतंय. मुलांना पटतं. शेजारणींना पटायला वेळ लागतो.

'नंतर त्रास होईल का', ते आता. आणंदच्या बायका बाळ सोपवून आपापल्या गावी जायच्या. कुणी रडायची, कुणी हिशेब करत घराच्या विटा मोजायची. पण त्या घराशी पुन्हा गाठ पडायची नाही. तुझी पुन्हापुन्हा पडेल. दिवाळीला, बारशाला, वन्सं बाळाला घेऊन येतील तेव्हा. बाळ जातं तरी दूध येतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते. दूध आटवायची गोळी असते, ती कधी घ्यायची ते आधी ठरव. पहिलं चिकाचं दूध बाळाला द्यायचं का, हेही. आणि त्या आठवड्यात अळिवाची खीर नको, प्रेमाने कुणी आणली तरी.

वन्संना ऑफिसातून रजा मिळेल. केंद्राच्या नियमांत जून 2024 पासून सरोगसीने आई होणाऱ्या कर्मचारी बाईलाही 180 दिवस आहेत, हयात मुलं दोनपेक्षा कमी असली की. त्या बाळाजवळ बसतील, बसावंच. सासूबाईही लेकीकडे धावतील, नातवंडासाठी इतकी वर्षं थांबल्यात. मग दांडिया बाजारातल्या त्या वरच्या खोलीत टाके ओढत तू आणि तुझी मुलगी. बाळ नाही म्हणजे बाळंतीण नाही, असंच घर धरतं. डिंकाचा लाडू, शेक, अंग चोळणारी बाई, सगळं बाळाच्या मागोमाग जातं. मी हे पाहिलंय, चांगल्या घरांत पाहिलंय.

म्हणून पहिली गोळी घेण्याआधी वन्संना एकटीला गाठ. सूरसागरच्या काठावर जा, सेव उसळ खा, आणि विचार, सव्वा महिना माझं कोण करणार. माहेरून आई येऊ शकत असेल तर तिला आजच फोन कर. नवऱ्यालाही विचार, रजा किती घेशील. मग सासूबाईंना. त्या उत्तर द्यायला घुटमळल्या तर मला पुन्हा पत्र लिही, आणि तोवर दवाखान्याची तारीख घेऊ नकोस.