चेन रेस्टॉरंटमध्ये दीडशे पदार्थांचा मेनू असूनही सगळं जेवण एकाच चवीचं का लागतं?

तुम्ही लिहिलंय, की आईच्या साठीला घरच्या अकरा जणांना घेऊन एका नावाजलेल्या चेनमध्ये गेलात, बारा पानी मेनू चाळला, सात भाज्या मागवल्या आणि सातही सारख्याच लागल्या. तुमच्या जिभेत काही बिघाड नाही. त्या सात भाज्या बहुधा तीन पिशव्यांतून आल्या होत्या.

हॉटेल मॅनेजमेंट झाल्यावर मी पुण्यात अशाच एका चेनच्या शाखेत दोन वर्षं हंडी सेक्शनला होतो. हंडी म्हणजे जिथे रस्साभाज्या होतात तो कोपरा. चेनचं नाव सांगत नाही, कारण बाकीच्यांकडेही थोड्याफार फरकाने हेच चालतं. सकाळी सहाला सेंट्रल किचनची गाडी यायची. तिच्यातून उतरायच्या चार प्रकारच्या ग्रेव्हीच्या पिशव्या: लाल, म्हणजे टोमॅटोची मखनी, ब्राऊन, म्हणजे कांदा-टोमॅटोची, पांढरी, काजू आणि मगजबियांची, आणि हिरवी, पालकाची. शाखेत या ग्रेव्ह्या शिजत नाहीत, फक्त गरम होतात. लाल ग्रेव्हीत पनीर टाकलं की पनीर बटर मसाला. पांढरीत कोफ्ते सोडले की मलई कोफ्ता. अर्धी लाल, अर्धी पांढरी केली की आणखी एक 'शाही' काहीतरी, पन्नास रुपयांनी महाग. ब्राऊनमध्ये ढोबळी मिरची परतून घातली की कढई, आणि त्याच ब्राऊनमध्ये चमचाभर तिखट घालून वर एक तळलेली लाल मिरची ठेवली की व्हेज कोल्हापुरी. (माझं आजोळ कोल्हापूरचं. ही भाजी पहिल्यांदा बनवून बाहेर पाठवताना मला आजोबांची आठवण येऊन लाज वाटली होती. पुढे सवय झाली.)

मग मेनूत दीडशे पदार्थ कशाला? कारण हा मेनू कुणाला काय आवडेल याचा विचार करून केलेलाच नसतो. कुणी 'नको' म्हणू नये म्हणून केलेला असतो. अकरा जणांचं कुटुंब कुठे जेवायला जायचं ठरवतं, तेव्हा निर्णय सगळ्यात नाठाळ माणसाच्या हातात असतो. नातवाला पास्ता, आजोबांना दहीभात, काकूंची चतुर्थी, मेहुण्याला हक्का नूडल्स. यातला एक जरी अडला तरी अकराच्या अकरा ताटं दुसरीकडे जातात. म्हणून सगळं ठेवायचं. आणि सगळं ठेवायचं तर रोज ताजं करता येत नाही, म्हणून पिशव्या.

गंमत अशी की चेन म्हटलं की ज्यांचं नाव आधी आठवतं, त्यांनी नेमकं उलटं केलं होतं. 1948 साली कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत मॅकडोनाल्ड बंधूंनी आपलं चांगलं चालतं हॉटेल तीन महिने बंद ठेवलं आणि पुन्हा उघडलं ते 25 पदार्थांचा मेनू 9 वर आणून. थोडंच करायचं, पण न चुकता करायचं. आपल्याकडच्या फॅमिली चेनवाल्यांनी त्यातलं 'न चुकता' तेवढं उचललं आणि 'थोडंच' सोडून दिलं.

आता चवीचं. आपण म्हणतो ना, अमक्याच्या हाताला चव आहे. चेनमध्ये हा हातच काढून टाकायचा असतो. आमच्या शाखेत गढवालचे एक वस्ताद होते, पन्नाशी उलटलेले. पिशवीतली डाळ गरम झाली की चमचाभर चाखायचे आणि म्हणायचे, "दाल सोयी पडी है, जगानी पडेगी." मग ठेचलेलं आलं, हिरवी मिरची आणि जरा जास्त लसूण घालून वरून तुपाची फोडणी. दोन महिन्यांत लोक डाळ नाव घेऊन मागायला लागले. मग एक दिवस कंपनीचे ऑडिटवाले आले. त्यांनी रेसिपी कार्ड काढलं, लसणाचे ग्रॅम मोजले, आणि वस्तादांना लेखी ताकीद मिळाली. आम्ही सगळे चिडलो. पण तक्रार कुठून आली होती ते नंतर कळलं: एका गिऱ्हाइकाने आमच्याकडे ती डाळ खाल्ली, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शाखेत गेला, आणि तिथे मॅनेजरला म्हणाला, "तुमची डाळ बिघडली आहे." कंपनीच्या बाजूने बघितलं तर त्या डाळीमुळे बाकीच्या सगळ्या शाखा वाईट ठरत होत्या. मला आजही यात नक्की कोण चुकलं ते ठरवता येत नाही.

शिवाय 10 किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना 2022 पासून मेनूवर पदार्थासमोर कॅलरी छापाव्या लागतात. नियम चांगलाच आहे. पण एकदा आकडा छापला, की मूठभर कूट जास्त टाकायची कुणाला मुभा राहत नाही.

आपल्या मराठी पदार्थांचं या पद्धतीत सगळ्यात जास्त मातेरं होतं, आणि त्याचं कारण बनवणाऱ्यांचा निष्काळजीपणा नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे भाकरी गरम पाण्यात मळून लगेच थापावी लागते आणि तव्यावरून उतरली की ताटात. ठेवली की कडक. पिठलं निवलं की बसतं. परत गरम करताना पाणी घातलं की पिठूळ लागतं. आमटीत निम्मी चव फोडणीची, आणि ती वीस मिनिटांत मरते. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण थोडे दिवस ठेवलं की खवट वास धरतं. बटाटा फ्रीझरमधून काढला की भुसभुशीत. म्हणून चेनमधली 'महाराष्ट्रीयन थाळी' फोटोत सुंदर दिसते आणि ताटात उदास. याउलट दाल मखनी, राजमा, छोले यांना दुसरा दिवस मानवतो. मिसळीचंही तसंच: उसळ आणि कट मुरतो, फरसाण-कांदा ऐनवेळी वर पडतो. म्हणून मिसळीच्या शाखा काढता येतात, पिठलं-भाकरीच्या काढणं फार अवघड.

तेव्हा पुन्हा जावंच लागलं तर शिळेपणा सोसणारं काहीतरी मागवा, किंवा जे तुमच्यासमोर जाळावर येतं ते. तंदूरवाला माणूस शाखेत बसलेला असतो, रोटी त्याला पिशवीतून काढता येत नाही. आमच्याकडे तंदुरी रोटी खरोखर चांगली असायची. चायनीज काउंटरलाही सॉस बाटलीतले असले तरी भात मोठ्या आचेवर तिथेच परतला जातो. पास्त्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. तो आधी उकडून, तेल लावून, वजन करून डब्यात भरून ठेवलेला असायचा, कधी कधी आदल्या रात्रीपासून.

आणि मेनूतल्या त्या छोट्या चांदणीला भुलू नका. 1982 मध्ये कासावाना आणि स्मिथ या अमेरिकन अभ्यासकांनी मेनूतले पदार्थ खप आणि नफा बघून चार गटांत टाकायची रीत मांडली, ती आम्हाला कॉलेजात पाठ करायला होती. खपतो आणि नफाही देतो तो तारा. खपतो पण नफा कमी तो नांगराचा घोडा. नफा चांगला पण कुणी मागवत नाही ते कोडं. दोन्ही नाही ते कुत्रं. आमच्या मेनूवर 'शेफची खासियत' म्हणून चांदणी लागायची ती बहुतेक वेळा कोड्याला. शेफने तो पदार्थ चाखलेलाही नसायचा.

किमतीबद्दल तुम्ही विचारलंय म्हणून थोडक्यात. 15 नोव्हेंबर 2017 पासून बहुतेक हॉटेलांना बिलावर 5 टक्के जीएसटी आहे, पण खर्चावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. मॉलच्या भाड्यावरचा 18 टक्के कर हॉटेलवाल्याच्याच अंगावर. तो, भाडं, घरपोच ॲपचं कमिशन, हे सगळं तुमच्या पनीरमध्ये विरघळलेलं असतं. ताटातल्या मालाची किंमत बिलाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ठेवायचा या धंद्यात आग्रह असतो, आणि भाडं कमी करता येत नाही म्हणून पहिला हात काजूवर पडतो. आमच्या पांढऱ्या ग्रेव्हीत वर्षभरात काजू कमी आणि मगज जास्त होत गेला. मेनूवर मात्र शेवटपर्यंत 'काजूच्या दाट रस्स्यात'.

मी स्वतः अजूनही चेनमध्ये जातो, खोटं कशाला बोलू. हायवेवर आई-बाबा बरोबर असतील तर स्वच्छ संडास, लहान मुलांची खुर्ची आणि गाडी लावायला जागा हे आधी, चव नंतर. तिथे मी डाळ, रोटी आणि ताक मागवतो आणि कुरकुर करत नाही.

चवीचं म्हणाल तर त्या दोन वर्षांत तिथे मी सगळ्यात चांगलं जेवलो ते दुपारी चारला. स्टाफचं जेवण वस्ताद करायचे: भात, जिऱ्याचा बटाटा, आणि ऑडिटवाल्यांनी बंद केलेली ती डाळ, आता फक्त आमच्यापुरती. एकदा उशिरा आलेल्या एका बाईंना आमच्या पातेल्याचा वास गेला. त्यांनी कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, विचारलं, "ते काय शिजतंय, तेच द्या ना." कॅप्टन हसून नाही म्हणाला. बाई म्हणाल्या, पैसे देते. तो बिलिंगच्या मशीनपाशी आला, जरा वेळ स्क्रीनकडे बघत उभा राहिला आणि परत गेला. त्या डाळीला मशीनमध्ये कोडच नव्हता. बाईंनी शेवटी पनीर बटर मसाला मागवला. पिशवी मीच फोडली.