वाचकांचे प्रश्न : सप्लायर पारखायचा कसा?

प्रश्न : मी किचनच्या वस्तूंचं छोटं ऑनलाइन स्टोअर सुरू केलंय. घरात स्टॉक ठेवत नाही, ऑर्डर आली की सप्लायरनं परस्पर पाठवायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकजण भेटलाय, तो म्हणतो १५ हजार मेंबरशिप भरा, २ हजार प्रॉडक्ट देतो, भिवंडीला स्वतःचं गोडाऊन आहे, ४ दिवसांत भारतभर डिलिव्हरी. रेटही कमी आहेत. भरू का? आणि डिलिव्हरीसाठी वेगळी कंपनी धरावी का?
— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : ताई, मेंबरशिप भरू नका, बाकीचं मग बोलू. ज्याला माल विकून कमवायचंय तो मालावर मार्जिन ठेवतो, यादी दाखवायचे पैसे घेत नाही. आणि हे २ हजार प्रॉडक्टवाले बऱ्याचदा स्वतःच तिसऱ्याकडून माल उचलतात, म्हणजे ऑर्डर तुमच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून कुणा होलसेलरकडे, आणि काचेचं झाकण फुटलेलं निघालं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार, शिव्या मात्र तुम्ही खाणार कारण बिलावर नाव तुमचं.

त्याचा जीएसटी नंबर मागा. महाराष्ट्रातला नंबर २७ नं सुरू होतो, त्यामुळे गोडाऊन भिवंडीला आणि नंबर भलत्याच राज्याचा असं निघालं तर सरळ विचारायचं की हे कसं काय. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करताच नंबर टाकून बघता येतं, फर्मचं नाव, रजिस्ट्रेशन कधीचं, चालू आहे की कॅन्सल झालंय, रिटर्न भरतो की नाही, सगळं दिसतं. रिटर्नकडे जास्त लक्ष द्या, कारण त्यानं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरलं नाही तर त्याचं बिल तुमच्या २बी मध्ये, म्हणजे खरेदीवरच्या क्रेडिटच्या यादीत, येतच नाही आणि तुम्ही त्याला दिलेल्या टॅक्सचं क्रेडिट अडकतं. तुमचंही रजिस्ट्रेशन झालंय ना? हस्तकलेसारखे थोडे अपवाद सोडले तर राज्याबाहेर एक ऑर्डर गेली तरी ते लागतं, वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या विक्रीला असलेली रजिस्ट्रेशनची सूट तिथे चालत नाही.

मग सॅम्पल, पण त्याला सांगून नाही. सांगून मागवलं की निवडूनच पाठवणार. चंद्रपूरला किंवा कोल्हापूरला कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्या पत्त्यावर तुमच्या स्टोअरवरूनच ऑर्डर टाका, एक प्रीपेड आणि एक कॅश ऑन डिलिव्हरी, आणि त्यांना खोका उघडतानाचा व्हिडिओ काढायला सांगा. बबल रॅप आहे का, आत त्याच्याच दुकानाचं पत्रक तर नाही ना (असतं, आणि पुढच्या वेळी गिऱ्हाईक थेट त्याच्याकडे जातं), एमआरपी, बनवणाऱ्याचं किंवा इम्पोर्टरचं नाव-पत्ता छापलाय का. त्यातली एक वस्तू मग परत पाठवा. पाठवताना सगळेच गोड बोलतात, रिटर्न आलं आणि पैसे परत द्यायची वेळ आली की फोन कोण उचलतं ते कळेल. ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम बघा, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा असतो, त्यामुळे तुटक्या मालाचा निर्णय तो किती दिवसांत देणार हे आधीच लेखी घ्या, मेसेजवर चालेल.

खरं सांगू का, पुण्यात राहून भिवंडीपासून सुरुवात कशाला? रविवार पेठेत बोहरी आळीत फिरा, तांब्या-पितळेचं विकणार असाल तर तांबट आळीत जा. तुमच्या या स्टॉक न ठेवता विकण्याला 'ड्रॉपशिपिंग' म्हणतात, पण तसं म्हणालात तर समोरचा बघत बसेल, असं विचारा की रोज ऑर्डर देईन, पैसे रोजच्या रोज, माझं लेबल लावून खोका कुरियरवाल्याला द्याल का. बरेच जण नाही म्हणतील, पण इथला दुकानदार नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणतो, चार दिवस लटकवत नाही. हो म्हणणारा एक मिळाला तरी त्याच्या १०-१२ वस्तूंवर स्टोअर चालतं. एकच कटकट, स्टॉक कंप्युटरवर नसतो, सकाळी फोन करून काय संपलंय ते विचारावं लागतं.

डिलिव्हरीचं अकाउंट मात्र तुमच्याच नावानं काढा, शिपरॉकेट, निंबसपोस्ट असे ॲग्रिगेटर, म्हणजे एकाच अकाउंटवर बऱ्याच कुरियर कंपन्या देणारे, आहेत, पिकअपचा पत्ता सप्लायरचा टाकायचा आणि लेबल त्याला पाठवायचं. म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे तुमच्या खात्यात येतात, त्याच्या मागे फिरावं लागत नाही. बहुतेक कुरियर लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५००० असं वजन काढतात आणि काट्यावरच्या वजनापेक्षा ते जास्त भरलं तर तेच धरतात. ४० बाय ३० बाय २० चा खोका ४.८ किलोचा झाला, आत ९०० ग्रॅमचा प्लॅस्टिकचा रॅक असला तरी! सप्लायरनं मोठा खोका वापरला की तुमचं मार्जिन तिथेच गेलं, म्हणून मापं ठरवून द्या. पार्सल न घेता परत आलं तर जाण्यायेण्याचं भाडं तुमच्यावरच, कॅशच्या ऑर्डरला फोन करून खात्री केल्याशिवाय लेबल काढू नका.

वाघोली-चाकणकडची फुलफिलमेंटवाली गोडाऊनं, म्हणजे तुमचा माल ठेवून पॅक करून पाठवणारी, नंतर बघू. दोन-तीन वस्तू रोज खपायला लागल्या की तेव्हा त्यांना महिन्याचं किमान बिल किती आणि हरवलेल्या मालाचे पैसे कोण भरणार हे विचारायचं.

प्रश्न : इम्पोर्टेड खेळणी स्वस्तात देणारा सप्लायर मिळालाय, ठेवू का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : खोक्यावर आयएसआय मार्क आहे का बघा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे, इम्पोर्टेड असली तरी. मार्कसोबत सीएम/एल नं सुरू होणारा नंबर असतो, तो हा मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, म्हणजे बीआयएसच्या, 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका, कुणाचं लायसन्स आणि चालू आहे का ते कळतं. सप्लायर 'मार्क नंतर चिकटवून देतो' म्हणाला तर फोन ठेवून द्या.