केस गळतायत? आधी तीन महिने मागे जाऊन बघा

या महिन्यात केसांचीच पत्रं जास्त आलीत, त्यातली चार इथे घेतेय. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : मॅडम, मी ३४ वर्षांची आहे, इंदिरानगरला राहते. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला, पाच दिवस ॲडमिट होते, मग बरी झाले. आणि आता नोव्हेंबरमध्ये केस असे गळतायत की विचारू नका, न्हायले की बाथरूमची जाळी भरून जाते, वेणी निम्मी झालीय. तीन तेलं बदलली, शाम्पू बदलला, पार्लरवाली म्हणते केस मऊ-सरळ करणारं केराटिन करून घ्या. मला टक्कल पडेल का हो? रोज रडायला येतं.

उत्तर : ताई, आधी डोळे पुसा. तुम्ही लिहिलंय त्यावरून टक्कल पडायचं काही लक्षण दिसत नाही. ऑगस्ट आणि नोव्हेंबर, तुमचं उत्तर या दोन महिन्यांतच आहे. आपल्या डोक्यावर लाखभर केस असतात, त्यातले ८५-९० टक्के वाढत असतात आणि बाकीचे विश्रांतीला गेलेले असतात, आणि विश्रांतीला गेलेला केस लगेच गळत नाही, साधारण ३ महिने तसाच मुळाशी अडकून राहतो आणि मग पडतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणं नॉर्मलच आहे. पण मोठा ताप आला, ऑपरेशन झालं, बाळंतपण झालं, किंवा डाएटच्या नादात कुणी जेवणच तोडलं, तर शरीर एकाच वेळी खूप केसांना विश्रांतीला पाठवतं. ते गळायला लागतात तोवर दोन-तीन महिने उलटून गेलेले असतात, ताप विसरलेला असतो आणि मग दोष जातो तेलाला, शाम्पूला, नळाच्या पाण्याला. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. यात मूळ शाबूत असतं. बहुतेकींचं तीन ते सहा महिन्यांत आपोआप थांबतं, पण वेणी पहिल्यासारखी व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं, कारण केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. कपाळापाशी बारीक बारीक उभे केस दिसायला लागले की समजा गाडी रुळावर आली.

तेलावर आता आणखी पैसे घालवू नका, त्याऐवजी रक्त तपासा. रक्तपेशी मोजणारी सीबीसी, फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी १२ आणि व्हिटॅमिन डी. यात फेरिटिन सांगायला विसरू नका, कारण हिमोग्लोबिन १२ आलं की सगळे म्हणतात रक्त चांगलंय, पण फेरिटिन म्हणजे शरीरातली लोहाची साठवण, आणि पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन बरं दिसत असूनही ही साठवण रिकामी असू शकते. मेडिकलमधून बायोटिनच्या, म्हणजे केसांसाठी म्हणून खपणाऱ्या एका व्हिटॅमिनच्या गोळ्या आणल्या असतील तर लॅबवाल्याला आणि डॉक्टरांना सांगा, बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. खरंतर बायोटिनची कमतरता फार क्वचित असते, त्या गोळ्यांनी बहुतेकांना काहीच फरक पडत नाही. तापानंतर महिनाभर नुसता मऊ भात आणि वरणाचं पाणी चालू असेल तर ते बदला. डाळी, उसळी, अंडी, पनीर, हळीव, जे रुचेल ते, सोबत लिंबू पिळा, आणि चहा जेवणाला चिकटून नको, तासभर लांब ठेवा. लोह खरंच कमी निघालं तर मात्र नुसत्या जेवणानं भरून येणार नाही, गोळ्या घ्याव्याच लागतील.

केराटिन आत्ता अजिबात नको. ते केसाच्या वरच्या भागावर काम करतं, मुळाशी त्याचा संबंध नाही, आणि त्यातल्या बऱ्याच प्रॉडक्टमधून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड या घातक रसायनाची वाफ निघते. सहा महिन्यांनंतरही गळणं चालू राहिलं किंवा भांग रुंद होत गेला, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच, तो प्रकार वेगळा असू शकतो.

प्रश्न : मी २४ वर्षांचा, अंबडला कंपनीत आहे. रोज गाडीवर हेल्मेट, आणि पाथर्डी फाट्याला रूमवर बोअरचं पाणी. दोन वर्षांत कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे गेलेत. वडिलांनाही टक्कल आहे. मे महिन्यात लग्न आहे. एका ठिकाणी ट्रान्सप्लांट करून घे म्हणतायत, ईएमआयवर. करू का?

उत्तर : थांब जरा, अजून ईएमआय चालू करू नकोस. हेल्मेटनं टक्कल पडत नाही, ते काढू नकोस बाबा, डोकं राहिलं तर केसांचं बघता येईल. बोअरच्या जड पाण्यानं केस राठ होतात, तुटतात, पण कपाळाच्या बाजू अशा मागे जात नाहीत. तुझा प्रकार आनुवंशिक दिसतोय, त्यात डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे मुळं हळूहळू बारीक होत जातात. आईकडूनही येतो बरं का, फक्त वडिलांकडूनच नाही.

यावर नीट अभ्यासलेली औषधं मुख्यतः दोन आहेत. एक मिनॉक्सिडिल, मूळचं ब्लडप्रेशरचं औषध, गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून मग डोक्याला लावायचं औषध झालं. पुरुषांना साधारण ५ टक्क्यांचं देतात. लावायला लागल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत केस उलट जास्त गळू शकतात आणि तिथेच निम्मी पोरं घाबरून बंद करतात. तसं करू नकोस, फरक कळायला ४ ते ६ महिने लागतात, आणि सोडलं की मिळालेलं परत जातं. घरात मांजर असेल तर फार जपून, ते औषध मांजरासाठी विषारी आहे. दुसरं फिनास्टेराइड १ मिलिग्रॅमची गोळी, ती डीएचटी कमी करते. काहींना लैंगिक इच्छा कमी होणं किंवा मन उदास होणं असे त्रास होतात, म्हणून ती मित्राच्या सांगण्यावरून नाही, डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलूनच घ्यायची. लग्नानंतर बायको गरोदर असेल तर तिनं त्या गोळीचा चुरा हातात धरायचा नाही.

आता ट्रान्सप्लांट. त्यात डोक्याच्या मागचे केस काढून पुढे लावतात, नवे तयार होत नाहीत, म्हणजे मागचा साठा मोजकाच. २४व्या वर्षी पुढची लाइन भरून घेतलीस आणि तिच्या मागचे तुझे मूळचे केस गळतच राहिले तर पुढे एक पट्टी आणि मागे मोकळं मैदान, अशी पोरं मी पाहिलीत, फार वाईट वाटतं. शिवाय लावलेले केस पहिल्या महिन्यात गळून जातात आणि खरा रिझल्ट ९ ते १२ महिन्यांनी दिसतो, म्हणजे मेमधल्या फोटोंसाठी त्याचा उपयोग तसाही नाही. आधी वर्षभर औषध घे, गळणं स्थिर होऊ दे. पुढे केलंसच तर सर्जन कोण, त्यांचं शिक्षण काय, चिरा कोण देणार आणि ग्राफ्ट, म्हणजे मागून काढलेले केस, कोण बसवणार, हे तोंडावर विचार. डॉक्टरांचे नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की नुसती वर्कशॉप करून किंवा यूट्यूब बघून शिकणं हे पुरेसं ट्रेनिंग नाही. आणि लग्नाचं म्हणशील तर मुलीला आत्ताच सांगून टाक, मन हलकं होईल.

प्रश्न : सिन्नरहून लिहितेय. मुलगा सात वर्षांचा, डोक्यावर रुपयाएवढी चाई पडलीय. सासूबाई म्हणतात किड्यानं खाल्लं, लसूण चोळा. मेडिकलमधून मलम आणलंय, लावू का?

उत्तर : लसूण नको, कातडी भाजते पोराची. आणि मलमही आत्ता नको, त्यात स्टेरॉइड असेल आणि आजार बुरशीचा असेल तर तो वाढतो. जागा एकदम गुळगुळीत असेल तर ती खरी चाई, त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, किडा वगैरे काही नसतो. छोटी चाई पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरते, नाहीतर लावायचं औषध असतं. पण कोंड्यासारखे पापुद्रे, खाज, तुटलेल्या केसांचे काळे ठिपके दिसत असतील तर ते गजकर्ण, आणि डोक्यातलं गजकर्ण मलमानं जात नाही, काही आठवडे पोटातून औषध द्यावं लागतं. या आठवड्यातच दाखवून घ्या, आणि तोवर त्याचा कंगवा, टोपी, टॉवेल वेगळा ठेवा, घरात दुसरं मूल असेल तर त्याचंही डोकं बघा.

प्रश्न : वडिलांच्या कार्यात रामकुंडावर मुंडण केलं. आता केस दाट येतील असं सगळे म्हणतायत, खरं का?

उत्तर : नाही हो दादा. वस्तरा मुळापर्यंत पोचतच नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून नवे केस हाताला जाड लागतात, पण मुळं होती तेवढीच राहतात. आधी विरळ असतील तर वाढल्यावरही विरळच दिसतील. तसं असेल तर हीच वेळ आहे दाखवायची, आत्ता टाळू डॉक्टरांना स्वच्छ दिसेल.