अलास्काच्या क्रूझवर आई-बाबांना न्यायचंय. किनाऱ्यावरच्या सहली जहाजाकडूनच घ्याव्यात का, आणि सात दिवस जहाजावर करायचं काय?

तुमच्या प्रश्नातलं "बाबा म्हणतात, आठवडाभर पाण्यात बसून काय करायचं?" हे वाक्य वाचून हसू आलं. माझ्या बाबांनी सांगलीहून फोनवर अगदी हेच विचारलं होतं. मी सिएटलजवळ राहतो. ही फेरी दोनदा केली: पहिल्यांदा आम्ही दोघंच, दुसऱ्यांदा आई-बाबांना घेऊन. तेव्हा बाबा ७४ वर्षांचे, गुडघा कुरकुरणारा. दोन्ही वेळा मार्ग तोच होता. सिएटलहून निघायचं, मग जुनो, स्कॅगवे, ग्लेशिअर बे, केचिकन आणि परतताना कॅनडातलं व्हिक्टोरिया.

सहलींचं आधी सांगतो. जहाजवाले विकतात तीच सहल बाहेर बऱ्याचदा स्वस्त मिळते आणि बस लहान असते. मग जास्तीचे पैसे कशाचे? वेळेच्या हमीचे. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवण्याची जबाबदारी ते घेतात. स्वतः ठरवलेल्या सहलीहून उशीर झाला तर जहाज निघून जातं. "परत या" ही वेळ सुटण्याच्या निदान अर्धा तास आधीची असते आणि ती खरोखरच पाळतात.

आता जुनोचं बघा. अलास्काची राजधानी, पण बाहेर जाणारा रस्ताच नाही. डोंगर, बर्फ आणि समुद्र. गावात यायला-जायला विमान किंवा बोट. म्हणजे तिथे जहाज चुकलं तर टॅक्सी करून पुढचं बंदर गाठू, हा विचार डोक्यातून काढून टाका.

हे मला कसं कळलं? पहिल्या फेरीत देवमासे बघायची सहल बाहेरून घेतली होती. बोट छान, माणसं बारा-चौदा. परतायच्या वेळेलाच हंपबॅक देवमाशांचा एक कळप एकत्र शिकार करताना दिसला. पाण्याखालून बुडबुड्यांचं गोल जाळं विणतात, मासे मधोमध कोंडतात आणि मग सगळे एकदम तोंडं उघडून वर येतात. नियमाने बोटीला शंभर यार्ड लांब राहावं लागतं, पण तेवढ्यावरूनही त्यांचा श्वास ऐकू येतो, प्रेशर कुकरची वाफ एकदम सोडावी तसा. कॅप्टन म्हणाला, असं रोज दिसत नाही, थांबू या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. मग किनाऱ्यावर बस नव्हती. बस आली तेव्हा वाटेत रस्त्याचं काम. धक्क्यावर पोचलो तेव्हा आठ मिनिटं उरली होती आणि बायकोने पुढचे दोन तास माझ्याशी अवाक्षर काढलं नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी देवमाशांची सहल जहाजाकडून घेतली, माणशी दोनशे डॉलरच्या आसपास. महाग आहे, पण सात दिवसांत एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर यावर करा. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरायची सहल याच्याही वर जाते आणि धुकं आलं की रद्द होते. आम्ही त्या भानगडीत पडलो नाही.

जुनोतलीच मेंडेनहॉल हिमनदी मात्र स्वतः बघा. धक्क्यापासून साधारण २० किलोमीटर, समोरूनच बसगाड्या सुटतात. तिथलं माहिती केंद्र १९६२ सालचं. तेव्हा बर्फ पुष्कळ जवळ होतं, आता हिमनदी तळ्याच्या पार पलीकडे सरकलीय. नगेट फॉल्स या धबधब्यापर्यंतची वाट सपाट आहे, जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर. बाबा अर्ध्यातून मागे फिरले आणि बाकावर बसले. आई थेट धबधब्याखाली तोंड भिजवून आली.

स्कॅगवेला आगगाडी. यात दुमत नको. १८९७-९८ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे हजारो माणसं इथल्या व्हाइट पास खिंडीतून गेली. कॅनडाचे पोलीस वर्षभराची शिधासामग्री, म्हणजे जवळपास टनभर ओझं, असल्याशिवाय पुढे सोडत नसत. ते ओझं वाहताना तीनेक हजार घोडे मेले. पुढे १८९८ ते १९०० या काळात इथे व्हाइट पासची तीन फुटी रूळांची रेल्वे झाली. नेरळ-माथेरान दोन फुटी आहे, त्यामुळे बाबांना डबा चक्क ऐसपैस वाटला. ३२ किलोमीटरमध्ये गाडी जवळजवळ तीन हजार फूट चढते. जाताना डावी बाजू चांगली, पण त्यासाठी भांडू नका. वर पोचलं की बाकांच्या पाठी उलट्या करून लोकांना जागा बदलायला लावतात. खाली उतरायला मिळत नाही. तिकीट बाहेरून घेतलं काय नि जहाजाकडून घेतलं काय, पैशांत फारसा फरक पडत नाही, फक्त आधी घ्या. गाडी धक्क्यापर्यंत येते म्हणून आम्ही जहाजाकडून घेतलं, गुडघ्याची सोय.

गुडघ्यावरून आठवलं. या भागात भरती-ओहोटीचा फरक कधी कधी वीस फुटांवर जातो. सकाळी उतरताना सपाट असलेली शिडीवजा फळी दुपारी चढणीची झालेली असते, आणि कधी दार वेगळ्याच मजल्यावर उघडलेलं असतं. आई-बाबांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर "आपलं जहाज बदललं की काय" अशी घाबरगुंडी उडते.

केचिकनला काहीच बुक करू नका. पाऊस पडणारच. महाबळेश्वर-आंबोली बघितलेल्या माणसाला त्याचं काय! छत्री नको, वारा असतो, टोपीवालं जाकीट न्या. ओढ्यावर खांबांवर उभ्या असलेल्या घरांची क्रीक स्ट्रीट चालत बघता येते. जुलैनंतर गेलात तर तिथे पुलावर उभं राहून सामन मासे प्रवाहाविरुद्ध उड्या मारताना दिसतात, फुकट.

व्हिक्टोरिया म्हणजे रात्री चार-पाच तास. दिव्यांनी सजवलेलं संसद भवन बघून परत या. पण त्या चार तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्यांना कॅनडाचा व्हिसा काढायला लागतो, हे ऐन वेळी कळून फेरी बुडालेली माणसं मला माहीत आहेत. तिथे थांबायचं कारणही गमतीचं आहे. अमेरिकेतल्या एका बंदरातून निघून अमेरिकेतल्याच बंदरात परतणाऱ्या परदेशी झेंड्याच्या जहाजाला मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं, असा १८८६ सालचा कायदा आहे आणि ही मोठी जहाजं बहुतेक परदेशी झेंड्याचीच असतात. म्हणून आधी कॅनडाचा व्हिसा, आणि अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, ते तपासा. मगच पैसे भरा.

आता जहाजावरचं जगणं. पहिला दिवस गोंधळाचा. आपत्कालीन कवायत सगळ्यांना सक्तीची, तिथे लाइफ जॅकेट आणि आपली जमायची जागा दाखवतात. एक कार्ड देतात, तीच खोलीची किल्ली, तेच पाकीट, तोच गेटपास. बाबांनी ते जानव्याला बांधलं. फोन विमानाच्या मोडवर टाकाच, नाहीतर जहाजाच्या मोबाइल जाळ्याचं बिल बघून भोवळ येईल.

समुद्र लागायचं बोलू. सिएटलहून निघणारी जहाजं बऱ्याचदा व्हँकूव्हर बेटाच्या बाहेरच्या अंगाने, खुल्या पॅसिफिकमधून जातात, त्यामुळे दुसरा दिवस डुलतो. खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घेतली तर कमी जाणवतं. आईने आलेपाकाच्या वड्या आणल्या होत्या, त्यावर तिचं निभावलं. मला गोळी लागली. बेटांच्या आत शिरलं की पाणी तळ्यासारखं.

खोलीत उदबत्ती, निरांजन, इस्त्री, किटली यातलं काही चालत नाही. आईचा उदबत्तीचा पुडा चढतानाच काढून घेतला आणि शेवटच्या दिवशी पावतीसकट परत दिला. मग तिने बॅटरीचा दिवा लावून रोजची संध्याकाळ साजरी केली, पण जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड, त्यामुळे दिवेलागण नेमकी कधी यावर घरात वाद. संडासात पाण्याची सोय नाही, एक रिकामी बाटली जवळ ठेवा. आणि तो हवेच्या दाबाने ओढणारा फ्लश एवढ्या जोरात आवाज करतो की आई पहिल्यांदा किंचाळली.

खाण्याची काळजी करू नका. बुफेत पांढरा भात, साधं दही, फळं, पाव असतंच. तिथे बसून घालवायचे सात दिवस मात्र वाया. रात्री मोठ्या डायनिंग हॉलमध्ये ठरलेल्या टेबलावर जा, वाढणारा माणूस रोज तोच असतो. आमच्या वेळी तो मडगावचा निघाला. छातीवरच्या पट्टीवर नावाखाली देश लिहिलेला असतो, "इंडिया" वाचून बाबांनी सरळ मराठीत विचारलं, "कुठले तुम्ही?" गोव्यातली कितीतरी घरं जहाजावरच्या पगारावर उभी आहेत, त्यामुळे कोकणी बोलणारं माणूस भेटणं हा काही योगायोग नव्हे. त्याने दुसऱ्या दिवसापासून डाळ, भाजी आणि कडक चहाची सोय केली. मेन्यू कार्डावर नसलेलं हे जेवण मिळतं, फक्त आदल्या रात्री सांगावं लागतं. जैन किंवा बिनकांद्याचं हवं असेल तर मात्र बुकिंग करतानाच कळवा. निघताना आईने त्याच्या हातात लाडवांचा डबा ठेवला. तो म्हणाला, आठ महिने झाले घरी जाऊन. टिपचे पैसे माणशी रोजचे सोळा-वीस डॉलर बिलात आपोआप लागतात, ते धरूनच हिशेब करा. त्यावर अशा माणसाला वेगळे द्यावेसे वाटले तर द्या.

रात्रीची नाटकं, जादूचे प्रयोग, जुगाराचे टेबल हे सगळं असतं. आम्ही दोनदा गेलो, बास. थोडं सजून जायच्या रात्री आईने इरकल नेसली आणि तिघीजणी काठ हातात घेऊन बघून गेल्या.

ग्लेशिअर बेचा दिवस मात्र वेगळा. सगळ्या फेऱ्या तिथे जात नाहीत, बुक करताना बघून घ्या. दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना परवानगी असते. सकाळी छोट्या बोटीतून राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर येतात, दोरीच्या शिडीने वर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावर बोलतात. १७९४ मध्ये इथे जवळजवळ तोंडापर्यंत बर्फच होतं. निसर्गावर लिहिणारा जॉन म्यूर १८७९ मध्ये आला तोवर ते चाळीसेक मैल मागे गेलं होतं. आपण जहाजाने जातो तो सगळा रस्ता म्हणजे गेलेल्या बर्फाची जागा. मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर थांबतं आणि हळूहळू गोल फिरतं, त्यामुळे कठड्यापाशी ढकलाढकली करायची गरज नाही, समोरची बाजू तुमच्याकडे येतेच. निळसर भिंतीतून एखादा तुकडा निसटताना आधी दिसतो, गडगडाट क्षणभराने येतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी फोन काढेपर्यंत पाणीसुद्धा शांत झालं होतं. आईने खालून दहीभात आणला, पर्समधून लिंबाचं लोणचं काढलं आणि आम्ही कानटोप्या घालून डेकवर जेवलो.

शेवटी बाल्कनीबद्दल विचारलंय. दोघंच असता तर म्हणालो असतो, खिडकीशिवायची खोली घ्या आणि वाचलेले पैसे सहलींवर घाला. वयस्कर माणसं असतील तर बाल्कनी घ्या. बाबा रोज पहाटे पाचला माकडटोपी, शाल आणि दुर्बीण घेऊन तिथे बसायचे. मनगटावरचं घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवलेलं, साडेतेरा तास पुढे. गरुड दिसला की डायरीत रेघ. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी विचारलं, "खाली पत्ते खेळायला येताय?" दुर्बीण न काढताच म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. मी बसतो इथं."