लेवीय वाचताना तो दिसला तर पुढं पळू नकोस

पोरी, प्रभूमध्ये सलाम.

तुझी वॉइस नोट दोनदा ऐकली. युवा संघात लेवीय, म्हणजे जुन्या करारातलं अर्पणांच्या आणि शुद्धतेच्या नियमांचं पुस्तक, घेतलंस आणि लगेच गाडी अडकली, कारण सेमिनरीत, पाळक घडवणाऱ्या शाळेत, शिकून आलेला तो मुलगा म्हणाला की जुन्या करारात जिथं तिथं येशू बघणं म्हणजे मूळ लेखकाच्या तोंडात आपले शब्द कोंबणं, आणि दुसऱ्या बाजूला त्या काकू, ज्यांना निवासमंडपाच्या, म्हणजे मोशेच्या काळातल्या उपासनेच्या तंबूच्या, प्रत्येक खुंटीत क्रूस दिसतो, आणि तू मधल्यामध्ये. "मावशी, मला तर नुसतं रक्त आणि चरबीच दिसते" म्हणालीस. मला हसूच आलं. बरं झालं म्हटलं, ही पोरगी निदान खरंच वाचतेय.

राग आला तो त्या चार्टचा. माहितीये मला तो, दर नाताळात व्हॉट्सअॅपवर फिरतो, डावीकडं जुन्या करारातलं भविष्य उजवीकडं येशूत झालेली पूर्तता, तीनशेच्यावर वचनं झाली म्हणे पूर्ण. तू तो प्रिंट काढून वाटलास. अगं, यादी वाचून वाद जिंकता येतो, पण यादी वाचून कुणी गुडघ्यावर आलेलं मी तरी पाहिलं नाही. योहानाच्या पाचव्या अध्यायात येशू कुणाला बोलतोय बघ, शास्त्र रात्रंदिवस धुंडाळणाऱ्यांनाच ना? शास्त्र माझ्याविषयी साक्ष देतं, म्हणतो, आणि तुम्ही माझ्याकडं यायला तयार नाही. शोध चालू आहे, यायचं मात्र नाही. म्हणून तुला मी एकच गोष्ट सांगणार आहे, कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: तो दिसला की थांब. थांबून नमन कर. पुढची ओळ पळून जात नाही.

लूकच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय काढ. अम्माऊसची वाट, यरुशलेमेपासून अकराएक किलोमीटर, दोघं शिष्य येशू मेला म्हणून तोंड पाडून चाललेत आणि पुन्हा उठलेला येशूच, ओळख न देता, त्यांना मोशेपासून सगळ्या संदेष्ट्यांपर्यंत उलगडून सांगतो. आता लूकने एवढं सगळं लिहिलं, कोण कुठं निघालं, काय बोललं, जेवायला कसे बसले, पण कुठली वचनं सांगितली ती यादी दिलीच नाही! मला पूर्वी याचा फार वैताग यायचा, आता नाही येत. मन उकळत होतं म्हणतात ते दोघं, आणि डोळे उघडले भाकर मोडताना. मग यरुशलेमेत बाकीच्यांचीही मनं उघडली शास्त्र समजायला, आणि अध्याय संपतो कुठं? त्यांनी त्याला नमन केलं, आनंदाने परत आले, मंदिरात देवाची स्तुती करत राहिले. लूकचं शुभवर्तमान तिथंच थांबतं. म्हणजे शास्त्रात तो दिसणं हा अभ्यासाचा निकाल नाही गं, ती उपासनेची सुरुवात आहे.

तर आता तुझं रक्त आणि चरबी. लेवीय चौदा घे, तेरावा आधी वाच मात्र. तेराव्यात कुष्ठरोग्याने कपडे फाडायचे, तोंड झाकायचं, "अशुद्ध, अशुद्ध" ओरडत छावणीबाहेर एकट्याने राहायचं. चौदाव्यात तो बरा झाला तर याजकाने स्वतः छावणीबाहेर जायचं, त्याने आत यायचं नाही, याजकाने बाहेर जायचं, हे नीट बघ. मग दोन जिवंत पक्षी, गंधसरूचं लाकूड, किरमिजी सूत, एजोब नावाचं झुडूप. एक पक्षी मातीच्या भांड्यात वाहत्या पाण्यावर मारायचा, दुसरा जिवंत पक्षी त्या मेलेल्याच्या रक्तात बुडवायचा, माणसावर सात वेळा शिंपडायचं आणि जिवंत पक्षी मोकळ्या रानात सोडून द्यायचा. डोळ्यांसमोर आण. तो पक्षी उडतोय आणि त्याच्या पंखांवर दुसऱ्याचं रक्त आहे.

इथं पेन उचलू नकोस. थांब.

आणि मग मार्कचा पहिला अध्याय. कुष्ठरोगी गुडघे टेकतो, येशू हात लावतो, बरं करतो, आणि सांगतो काय, जा, याजकाला दाखव, मोशेने नेमलेलं अर्पण कर. म्हणजे हाच लेवीय चौदा! तेच दोन पक्षी. पण तो माणूस ऐकतो कुठं, गावभर सांगत सुटतो, आणि शेवटच्या ओळीत येशूला उघडपणे गावात जाता येत नाही, तो बाहेर अरण्यात राहतो. बाहेरचा आत गेला, आतला बाहेर आला. मार्क कुठलीही टीप देत नाही, तशीच सोडतो ती ओळ. इब्रीकरांच्या पत्राच्या तेराव्यात मग येतं की येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं, आणि आपणही छावणीबाहेर त्याच्याकडं जाऊ या.

हे मी कोंबलं का सांग. त्या सेमिनरीवाल्या मुलाला विचार. लेवीय लिहिणाऱ्याच्या डोक्यात नासरेथचा येशू नव्हता, कबूल, शंभर टक्के कबूल. म्हणून आधी त्याच्या काळातला अर्थ घ्यायचा, पक्षी म्हणजे पक्षीच, छावणी म्हणजे छावणीच. तो मुलगा तुझा शत्रू नाही, तो तुला घाई करू देत नाही एवढंच, आणि काकूंना त्याची गरज आहे. यरीहोत इस्राएली हेरांना लपवणाऱ्या राहाबच्या खिडकीतली ती तांबडी दोरी आहे ना, पहिल्या शतकाच्या शेवटी रोमच्या मंडळीचा पुढारी क्लेमेंट याने तिच्यात प्रभूचं रक्त पाहिलं, तेव्हापासून सगळे बघतात. मी त्या दोरीला फार काही लटकवत नाही. मला राहाब स्वतःच पुरते, मत्तयाच्या वंशावळीत नावानिशी बसलीये, येशूची पूर्वज म्हणून. खुंटीत क्रूस शोधायला लागलं की खुंटी पण जाते आणि क्रूस पण जातो.

आणि एक, मुलांना यहुद्यांबद्दल वेडंवाकडं बोलू देऊ नकोस, "त्यांना दिसत नाही, आंधळे आहेत" वगैरे. आपल्या कोकणातले मराठी यहुदी, बेने इस्राएल, शनवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना लोक शनवार तेली म्हणायचे, त्यांनी अब्राहाम-मोशेच्या कथांवर मराठीत कीर्तनं केलीत. यशया संदेष्ट्याच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक म्हणजे दुःख भोगणारं इस्राएल असं यहुदी वाचन आहे, आणि त्याला आधार आहे, एकोणपन्नासाव्यात सेवकाला सरळ इस्राएलच म्हटलंय. मला तिथं येशू दिसतो आणि दिसणारच. पण दिसला म्हणून मी नमन करते, कुणाच्या डोक्यात पुस्तक मारत नाही.

आता माझं ऐक, कारण तू विचारलंस की मंडळीत लोक काय म्हणतील. म्हणू देत. एका मंडळीत गुड फ्रायडेला येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना वाटून दिले होते, मला चौथा, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" मी प्रवचन केलंच नाही. बाविसावं स्तोत्र काढलं आणि सगळंच्या सगळं, एकतीस वचनं, सावकाश वाचलं आणि खाली बसले. नंतर समितीत म्हणे मावशींनी तयारीच केली नव्हती, आणि पुढच्या वर्षीपासून यादीतून माझं नाव गेलं. लागलं मला ते, अजून लागतं. पण तू सांग, वधस्तंभावरून त्याने ज्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली ते स्तोत्र लोकांना ऐकवायचं नाही तर काय माझे किस्से ऐकवायचे? वस्त्रं वाटून घेतात, चिठ्ठ्या टाकतात, ते सगळ्यांना पाठ असतं, आणि मग बाविसाव्या वचनाला स्तोत्र एकदम वळतं, मी माझ्या बांधवांना तुझं नाव सांगेन, मंडळीमध्ये तुझी स्तुती करीन. हेच वचन इब्रीकरांच्या दुसऱ्या अध्यायात येशूच्या तोंडी आहे. कळतंय का? मंडळीच्या मधोमध उभा राहून स्तुती गाणारा तो आहे. आपण त्याच्या मागून गातोय! आणि स्तोत्राचा शेवट आहे पुढं जन्माला येणाऱ्या लोकांवर. मी तिथं वाचताना थांबले होते, जरा जास्तच थांबले, त्यालाच बहुतेक त्यांनी तयारी नसणं म्हटलं.

मावशी जुन्या करारातच फार रमते हेही ऐकून झालंय. अगं, फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले, इंग्रज माणूस, मराठीत ओव्या लिहिल्या, १६१६ला क्रिस्तपुराण छापलं, त्याचं आख्खं पहिलं पुराण जुन्या करारावर आहे. आदामापासून तारणाऱ्याची वाट बघायला लावतात, हजारो ओव्या, आणि मग कुठं दुसऱ्या पुराणात तो येतो. तो ग्रंथ चर्चमध्ये गायला जायचा. चारशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेत लोक एवढं थांबत होते आणि आज आम्हाला वीस मिनिटांत आशीर्वाद हवा.

असो. या शनिवारी लेवीय चौदा आणि मार्क एक, एवढंच घे. चार्ट नको, पीडीएफ नको, प्रश्नमंजुषा तर अजिबात नको. सेमिनरीवाल्यालाच तेरावा अध्याय समजावून सांगायला लाव, तो छान सांगेल. काकूंना पक्ष्यांचा भाग मोठ्याने वाचायला दे, त्यांचा आवाज चांगला आहे, पण अर्थ सांगायला लागल्या तर प्रेमाने अडव. मार्कची शेवटची ओळ तू स्वतः वाच आणि मग बोलू नकोस. पोरं चुळबुळतील, मोबाइल काढतील, काढू देत, तू गडबडून जाऊन प्रार्थना सुरू करू नकोस. कुणालातरी गाणं सुचेल. नाहीच सुचलं तर तू सुरू कर, ना. वा. टिळकांचं कुठलंही चालेल, पोरांना पाठ असतात.

अब्राहाम-इसहाकाचं जे विचारलंस ते असं पत्रात नाही होणार, फोन कर. नऊनंतर कर, त्याआधी क्वायरची प्रॅक्टिस असते.

तुझी मावशी