वडिलांना चालताना पोटरीत गोळा येतो, निपाणीच्या डॉक्टरांनी पायाचा डॉप्लर सांगितलाय. त्यात धमनी अरुंद झाल्याचं कळतं का, की थेट अँजिओग्राफी करावी?

हो, कळतं, आधी डॉप्लरच करा, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघणारी सोनोग्राफी. मी बेळगावात सोनोग्राफी विभागात काम करतो, बिडी-तंबाखू आणि शुगर असलेले असे पेशंट निपाणी-चिकोडीकडून नेहमी येतात. जेल लावून प्रोब जांघेपासून घोट्यापर्यंत फिरवतात. सुई नाही, डाय (धमन्या दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध) नाही, रेडिएशन नाही. धमनी जिथे अरुंद असते तिथे रक्ताचा वेग एकदम वाढतो, पाइपचं तोंड बोटानं दाबल्यावर पाण्याची चिळकांडी उडते तसा. त्याच्या जरा वरच्या चांगल्या भागापेक्षा तिथला वेग दुपटीहून जास्त भरला, तर 50 टक्के किंवा त्याहून जास्त अडथळा धरतात. रिपोर्टमध्ये घोट्याजवळ ‘ट्रायफेजिक’ (प्रत्येक ठोक्याला तीन टप्प्यांची लाट) लिहिलं असेल तर प्रवाह चांगला. ‘मोनोफेजिक’ (एकाच टप्प्याची लाट) असेल तर बहुतेक वर कुठेतरी अडलंय. चिठ्ठीवर ‘आर्टेरियल’ (धमन्यांचा) असल्याची खात्री करा, ‘व्हीनस’ (शिरांचा) डॉप्लर वेगळा. सोबत घोट्याचं आणि दंडाचं बीपीही मोजून घ्या: घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागून 0.90 किंवा कमी आलं तर पायाला रक्त कमी पोचतंय. मात्र शुगर जुनी असेल तर कडक झालेल्या धमन्यांमुळे हा आकडा फसवा येतो, आणि पोटातल्या धमन्या गॅसमुळे डॉप्लरमध्येही नीट दिसत नाहीत. तेव्हा किंवा ऑपरेशन ठरलं तर सीटी अँजिओ (डाय देऊन धमन्यांचा सीटी स्कॅन) लागतो, त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासतात. पाऊल अचानक गार-पांढरं पडलं किंवा बसल्या जागी ठणकू लागलं, तर तारखेची वाट न बघता लगेच मोठ्या दवाखान्यात न्या.