स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, मग अडचण काय?

प्रश्न : उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर कुणीही जाऊन राहू शकतं, हे खरं का? आणि तिथल्या थंडीत कपडे कसे घालावेत?

उत्तर : खरं आहे. १९२०च्या तहानुसार तिथे नॉर्वेचा कारभार चालतो, पण व्हिसाची अट नाही. मात्र विमान नॉर्वेतून जातं, म्हणून शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) हवाच, तोही किमान दोन प्रवेशांचा. स्वालबार्ड शेंगेनबाहेर आहे, त्यामुळे एकाच प्रवेशाचा असेल तर परतताना नॉर्वेत पुन्हा शिरताना अडकाल. राहण्याची मोकळीक आहे, पण पोटाची सोय स्वतःच करायची. ती नसेल तर गव्हर्नर परत पाठवू शकतात. म्हणजे मोकळीक आहे ती कमावत्याला, आणि आम्हाला ते खटकतं.

कपडे : अंगालगत मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. सुती बनियन अजिबात नको. चढावर घाम येतो, सूत तो धरून ठेवतं आणि थांबलात की ओल्या पाठीतूनच हुडहुडी भरते. बूट एक नंबर मोठे घ्या; घट्ट बुटात रक्त खेळत नाही, बोटं बधिर होतात. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, बाहेर बॅटरी झपाट्याने उतरते.

लाँगइयरबीन या तिथल्या मुख्य गावाच्या वस्तीबाहेर वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नका, ध्रुवीय अस्वलं खरोखर येतात.